तळ्यातला लसूण

१२ जानेवारी

सूनबाई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. उचलत नाहीस याबद्दल माझी तक्रार नाही. पत्राचं एक बरं असतं, नको वाटलं तर अर्ध्यावर ठेवून देता येतं आणि लिहिणाऱ्याला ते कळतही नाही. तुला तसं करावंसं वाटलं तर कर. पण एवढं पान संपेपर्यंत थांब, कारण काम आहे आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून होणारं नाही.

परवा त्याच्या प्राध्यापक बाई आल्या होत्या. तो गेल्यानंतर पहिल्यांदाच. "आधीच यायला हवं होतं, धीर झाला नाही," म्हणाल्या. चहा झाला. बोलण्यासारखं फार नव्हतं, म्हणून आम्ही तिघं बराच वेळ थंडीबद्दल बोललो. निघताना बाई हात धुवायला परसात गेल्या आणि परत येईचनात. मी बघायला गेलो, तर त्या सिमेंटच्या टाकीशी उकिडव्या बसलेल्या. कोटाची बाही कोपरापर्यंत भिजली होती आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

"हे कुठलं?" त्यांनी विचारलं.

"मुलाचं आहे," मी म्हणालो.

"ते कळलं हो. कुठल्या तळ्यातलं?"

"तेच तळं. जिथं तो…"

"तळ्यात कुठं?"

मला काय ठाऊक? मी चित्रकलेचा मास्तर. त्या झाडाला आम्ही घरात 'लसूण' म्हणायचो, कारण दिसतं तसंच. एका गड्ड्यातून निघालेली हिरवी पात, वीतभरही नाही, पाण्याच्या तळाशी बसलेली. ना फूल, ना फळ. तो ते कौतुकानं दाखवायचा तेव्हा तुझ्या सासूबाई म्हणायच्या, "एवढा शिकून शेवटी लसूणच लावलास!" आणि तो हसायचा. तेवढंच आमचं ज्ञान.

बाईंनी सांगितलं त्यातलं मला समजलं ते असं. याचं शास्त्रातलं नाव आयसोएटिस. फार जुनं कूळ. माणूस सोड, फुलं येणारी झाडं पृथ्वीवर नव्हती तेव्हापासूनचं. याच्या भाऊबंदांची एके काळी घरावर घर रचावं एवढाली झाडं होती. ती मेली, गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. हे धाकटं भावंड तेवढं पाण्याच्या तळाशी बसून राहिलं. जगभर याच्या कितीतरी जाती आहेत, आणि दिसायला सगळ्या इतक्या सारख्या, की जाणकारही फसतो. पण टाकीतलं झाड बघून बाई म्हणाल्या, "हे मी कधी पाहिलेलं नाही." त्यानं त्यांना काही सांगितलं नव्हतं. खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्याचा जुना स्वभाव तुला माहीत आहे. पायमोजे हरवले तरी दोन दिवस सांगायचा नाही.

ते तळ्यात नेमकं कुठं उगवतं हे त्याला माहीत होतं. आणि तुला. होडी वल्हवायला तू असायचीस. म्हणून हे पत्र. फक्त जागा कळव, बाकी काही लिहू नकोस.

एक सांगायला हवं. टाक्या तीन होत्या. तू गेल्यावर दोन हिनं पालथ्या केल्या. पाणी मोरीत, झाडं कचऱ्यात. तिच्यावर रागवू नकोस. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या पायांना वेली गुंडाळलेल्या तिनं पाहिल्या होत्या. तेव्हापासून पाण्यातलं हिरवं काही दिसलं की ती तोंड फिरवते. तिसरी टाकी जड होती. मला हात लावायला बोलावत होती, मी म्हणालो गुडघा दुखतोय. गुडघा तसा दुखतो माझा.

तिनं तुला भर माणसांत जे सुनावलं ते मी इथं पुन्हा लिहीत नाही. तुला ते पाठच असेल.

हे पत्र लिहिल्याचं तिला माहीत नाही.

बाबा


३ फेब्रुवारी

सूनबाई,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं मी स्वतःला समजावतोय. टपाल खात्यावर खापर फोडणं सगळ्यांत सोपं.

मधल्या काळात मला नोकरी लागली आहे. हसू नकोस. बाईंना झाडाचं चित्र हवंय. छायाचित्र चालत नाही म्हणे, हातानं काढलेलंच लागतं, कारण छायाचित्रात एक झाड दिसतं आणि चित्रात जात दिसते. मी आयुष्यभर पोरांकडून फुलदाणी आणि दोन सफरचंदं काढून घेतली. त्यातलं सफरचंद मधल्या सुट्टीत कुणीतरी खायचंच. आता या वयात त्याच्याच प्रयोगशाळेत, त्याच्याच खिडकीशी बसतो. त्याचं टेबल दुसऱ्या एका मुलीला दिलंय. ती मला बघून उठायला लागली, मी म्हटलं, "बस ग बाई, मी कोपऱ्यात बसतो."

चित्रासाठी एक झाड मारावं लागलं. बाईंनी ते टाकीतून उपटलं, धुतलं, गड्डा मधोमध चिरला. मी दुसरीकडे बघत होतो. मग त्यांनी प्रत्येक पातीचा बुंधा उघडून दाखवला. आत पिशवी असते आणि पिशवीत पांढरे कण, रव्यासारखे. ते मादीचे. नराचे पिठासारखे, दुसऱ्या पातींत. बी नाहीच. पात कुजली की कण चिखलात पडतात, तिथंच एकमेकांना गाठतात आणि तिथंच उगवतात. म्हणून एका तळ्यातलं हे झाड दुसऱ्या तळ्यात सहसा जात नाही. प्रत्येक तळ्याची वेगळी वस्ती होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या वेगळं राहून राहून शेवटी जातच वेगळी होते. ओळखायची ती त्या रव्याच्या कणावरून. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका कणावर नक्षी असते. कुणाच्या अंगावर टेंगळं, कुणावर जाळी, कुणावर काटे. आपल्या लसणाच्या कणावर नागमोडी कडा आहेत, सुकलेल्या नदीसारख्या. पहिल्या चित्रात मी त्या जरा जास्त सुंदर काढल्या. बाई म्हणाल्या, "सर, सुधारू नका. आहे तसं काढा." मी हेच पोरांना इतकी वर्षं ओरडून सांगत आलो!

माझ्या तोंडून एकदा 'शेवाळ' गेलं तर बाई चिडल्याच. पाण्यातल्या हिरव्या गोष्टीला सरसकट शेवाळ म्हणणं म्हणजे जमिनीवरच्या प्रत्येक प्राण्याला उंदीर म्हणणं, असं त्यांचं म्हणणं. पाण्यातली कितीतरी झाडं मुळात जमिनीवरची आहेत. वेगवेगळ्या घराण्यांतली, वेगवेगळ्या काळात कंटाळून पाण्यात परत गेलेली. कुणी मुळं सोडली आणि नुसती तरंगायला लागली. कुणी पानांचे सापळे केले आणि किडे खायला लागली. एक आहे, लांब फितीसारखी पानं असलेलं. त्याचं मादीफूल लांब देठावरून वर येऊन पाण्यावर टेकतं, नरफुलं तळाशी झाडापासून सुटतात, वर येतात, वाऱ्यानं वाहत वाहत तिच्यापाशी पोचतात. मग ती देठाची गुंडाळी करते आणि खाली निघून जाते. नरफुलं वरच राहतात.

हे तुला लिहायला नको होतं. पण खोडलं तर जास्त दिसेल.

आता घाईचं. तळ्याच्या बंधाऱ्याची भिंत गळतेय आणि पाणीखातं एप्रिलमध्ये तळं रिकामं करणार आहे. दुरुस्ती होईपर्यंत तळ कोरडा राहील. हा लसूण सतत पाण्याखालीच असतो, कोरडं पडणं सोसणार नाही. त्याआधी जागा सापडली तर काही झाडं काढून आणता येतील. टाकीतली मोजकीच आहेत, त्यातलं एक तर मीच चित्रात घातलं.

बाबा


२६ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र मिळालं. 'मला आठवत नाही.' एवढंच, खाली सहीसुद्धा नाही. तुझं अक्षर पाहून बरं वाटलं, हेही खरंच.

आता तुला त्रास देणार नाही असं ठरवून बसलो होतो. तरी लिहितोय, कारण ज्या गोष्टी लिहिणार आहे त्या सांगायला दुसरं माणूस नाही.

बाई आणि मी आमचे आम्हीच तळ्यावर गेलो. तो गेल्यापासून मी त्या रस्त्याला फिरकलो नव्हतो. बाजाराला जायचं तरी लांबच्या पुलावरून जातो. ज्यानं त्याला बाहेर काढलं त्याच कोळ्याची होडी मिळाली. त्यानं मला ओळखलं आणि बसायला पाट पुसून दिला. काठाकाठानं दुपारपर्यंत हिंडलो. बाई तळ दिसायच्या डब्यातून बघत होत्या, बुडाला काच बसवलेला साधा डबा. सगळीकडे एकच झाड. उंच, भुरभुरीत, कोल्ह्याच्या शेपटीसारखं, तळापासून वरपर्यंत भरलेलं. वल्ही अडकत होती.

"हे पूर्वी नव्हतं," कोळी म्हणाला. "जाळंही टाकता येत नाही आता."

बाईंनी सांगितलं, हे इथलं नव्हे. घरातल्या काचेच्या टाकीत माशांबरोबर शोभेला ठेवतात ते. कुणीतरी मासे मेल्यावर टाकी तळ्यात रिकामी केली असणार. याचा बोटभर तुकडा तुटला तरी नवं झाड होतं. वरून छत धरल्यासारखं वाढतं, खाली ऊन पोचू देत नाही. लसणासारखं तळाशी बसणारं झाड त्याच्याखाली अंधारात मरतं. "तो याच्यावरच काम करत होता," बाई म्हणाल्या.

मी कोळ्याला विचारलं. इतके दिवस विचारायचं टाळलं होतं. "त्याच्या पायाला गुंडाळलेलं ते काय होतं?"

त्यानं पाण्यात हात घालून ती शेपटी वर काढली. "हेच की."

रात्री जेवताना मी तुझ्या सासूबाईंना सांगून टाकलं. तळ्यावर गेलो होतो हेही, तुला पत्रं लिहितो हेही. मला वाटलं ताट सरकवेल. ती एवढंच म्हणाली, "पाकीट आलं तेव्हाच अक्षर ओळखलं मी." दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसात टाकीशी उभी होती. मला हाक मारली.

"याची पात तर एवढीशीच आहे."

"हो."

"मग यानं नाही धरलं त्याला."

"नाही. ते दुसरं."

ती टाकीवर वाकली. मग म्हणाली, "पाणी खाली गेलंय," आणि बादली आणायला आत गेली.

जागा सापडली नाही. तुला आठवत नसेल तर नसो. तुझ्यावर दडपण नाही.

बाबा


१७ मार्च

सूनबाई,

तुझं मोठं पत्र मी टपाल कचेरीच्या बाकावरच उघडलं. घरापर्यंत थांबवलं नाही. शेजारी एक म्हातारबुवा पेन्शनच्या रांगेत जागा धरून बसले होते. त्यांनी मध्येच मला विचारलं, "बरं आहे ना?" मी म्हणालो, "सुनेचं पत्र आहे." ते म्हणाले, "मग वाचा सावकाश."

तू लिहिलंस तेच मी इथं पुन्हा लिहितोय, म्हणजे मला नीट समजलंय हे तुला कळेल. लसणाची जागा आणि तो गेला ती जागा एकच आहे. तुम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन ते परकं झाड हातानं उपटायचात, पोत्यात भरून काठावर वाळत टाकायचात, म्हणजे खालच्या लसणाला ऊन लागेल. तेवढा अंगणाएवढा तुकडा तुम्ही साफ ठेवला होता. एक दिवस पाणी स्थिर असताना तुम्ही होडीतून वाकून खाली बघितलंत आणि तळ हिरवागार दिसला, आणि तो तुला म्हणाला, "बघ, आपली शेती." हे मला माहीत नव्हतं. हे तू लिहिलंस याबद्दल तुझे उपकार कसे मानू?

त्या दिवशी तुला दवाखान्याच्या एक्स-रे विभागात दुसऱ्या कुणाच्या बदली कामावर बोलावलं, आणि तो म्हणाला, थोडंच राहिलंय, मी एकटा उरकून येतो. एवढंच घडलं. त्याला पोहता येत होतं. खाली बुडी मारून मुळं ओढत असणार आणि काठाकडचा सगळा गुंता वारा आल्यावर त्या तुकड्यावर सरकला असणार. कोळीही तसंच म्हणाला.

'आठवत नाही असं लिहिलं, कारण आठवलं की मी तिथं जाते, बाबा.' हे वाक्य वाचल्यावर मी पत्र घडी घालून ठेवलं आणि थोडा वेळ रांगेकडं बघत बसलो.

घरी येऊन सगळं पत्र हिला वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. ती भाजी निवडत होती. पत्र संपलं तरी निवडतच राहिली. मग म्हणाली, "ती त्या दिवशी कामावर होती."

"हो. आपल्याला माहीत होतं."

"माहीत होतं," ती म्हणाली.

तिनं त्या दिवशी तुला विचारलं होतं, तू त्याला एकट्याला का जाऊ दिलंस. मी पहिल्या पत्रात हे लिहायचं टाळलं. ते तिचं बोलणं घरात अजून आहे, कुणी उचललेलं नाही. मी फक्त एवढं सांगू शकतो, की 'माहीत होतं' म्हणून ती उठली तेव्हा निवडलेली भाजी आणि देठं तिनं एकाच टोपलीत टाकली.

तू म्हणतेस, जागा लिहून सांगता येत नाही. पाण्यावरून पंपघराची चिमणी आणि काठावरचा पडका धक्का एका रेषेत आणायचा, आणि मग हाताच्या अंदाजानं. बाई म्हणाल्या, पाणी उतरल्यावर खुणा बदलतील, माहितगार माणूस लागेल. मी एकदाच विचारतो, पुन्हा विचारणार नाही. येशील का? घरी उतरायची सक्ती नाही. बाईंकडं खोली आहे.

बाबा


२ मे

सूनबाई,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय. तू परस्पर गाडी पकडलीस ते बरोबरच केलंस. चिखलानं भरलेल्या माणसांनी निरोप घेऊ नये, काहीतरी भलतंच बोललं जातं.

तू विचारलंस, मी खाली का उतरलो नाही. गुडघा, असं मी म्हणालो. बंधाऱ्यावरून उतरायला पायऱ्या आहेत, चांगल्या रुंद, तू पाहिल्यासच. मला ती जागा जवळून बघायची नव्हती. वरून तुम्ही तिघी मुंग्यांएवढ्या दिसत होता, तेवढं मला झेपत होतं.

हिनं यायचं ठरवलं हे मला सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. जुने बूट घालून दारात उभी. मी म्हटलं, "तुला कशाला?" तर म्हणाली, "तुम्ही ज्यासाठी जाताय, त्यासाठीच."

रिकामं तळं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटायचं खाली काहीतरी असेल. काही नव्हतं. राखाडी चिखल, मधे एक ओहोळ, आणि सगळीकडं ते परकं झाड आडवं पडलेलं, ओल्या केसांसारखं. वरून पाहिलं, तू पुढं चालत होतीस, मधेच थांबून चिमणीकडं बघायचीस, मागं वळून धक्का बघायचीस, पुन्हा चार पावलं. मग एका जागी थांबलीस आणि हात वर केला नाहीस, हाक मारली नाहीस. तरी मला कळलं. बाई खाली बसल्या. तूही बसलीस. ही मात्र उभीच.

नंतरचं मला वरून नीट दिसलं नाही, म्हणून घरी आल्यावर हिला विचारलं. ती आधी म्हणाली, "काही नाही, चिखल होता." मग अंघोळ झाल्यावर आपणहून सांगितलं. बाई तो गुंता बाजूला करून खालचा लसूण शोधत होत्या, थोडा सापडला, अर्धा कुजलेला. आणि हिला एकदम ते झाड हातात घ्यावंसं वाटलं. ज्यानं पाय धरले ते. तिनं एक मूठ उपटली, मग दुसरी. मला वरून दिसलं ते एवढंच, की ही वाकून वाकून उपटतेय आणि मागं फेकतेय. बाईंनी आवश्यक तेवढी जागा कधीच मोकळी केली होती. ही तरी थांबेना. तिचा पाय घोट्याच्या वर रुतला, ती कलली, आणि तू तिला मागून कमरेला धरलंस.

ती म्हणाली, "सोड. तुलाही ओढीन मी."

तू म्हणालीस, "ओढा."

आणि सोडलं नाहीस. मग दोघींनी मिळून उपटलं. किती वेळ, ते तिलाही सांगता आलं नाही. हे ऐकून मी तिला विचारलं, "दुसरं काही बोललात?" ती म्हणाली, "बोलायला हात रिकामे कुठं होते?"

तुझ्या हाताला कापलं होतं, बाईंनी पट्टी बांधली असं कळलं. त्या चिखलात शिंपले असतात, जखमेकडं लक्ष दे.

सापडलेली झाडं बाईंनी विद्यापीठाच्या टाक्यांत लावली. थोडी आपल्या टाकीतही. हिला बाईंनी सांगितलंय, तळाला त्या तळ्याचीच माती हवी, ही झाडं हवा मुळांतून घेतात, चिखलातून. "नाक खाली असलेलं झाड," ही म्हणाली. माती तिनंच चाळली.

बाबा


२१ नोव्हेंबर

सूनबाई,

तुझं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर केला, तो मुद्दाम नव्हे. आधी तुला तळ्याचं सांगून घेतो, म्हणजे पुढचं लिहायला हात वळेल.

भिंत दुरुस्त झाली, तळं भरलं. गेल्या महिन्यात बाईंनी पाणबुड्याला खाली पाठवलं. आपल्या तुकड्यावर पुन्हा तेच परकं झाड उगवलंय, आधीपेक्षा दाट. चिखलात तुकडे राहिले होते. तुम्ही दोघींनी उपटलं त्याचंही काही झालं असेल, फेकलेल्या मुठींतून. लसणाचं एकही झाड दिसलं नाही. बाई म्हणतात, कण चिखलात वर्षानुवर्षं टिकतात, पुढं कधी ऊन मिळालं तर उगवतील. त्या हे म्हणाल्या तेव्हा माझ्याकडं बघत नव्हत्या.

विद्यापीठाच्या टाक्यांमधली झाडं उन्हाळ्यात मेली. पाणी तापलं. आपल्या परसातली राहिली, भिंतीच्या सावलीमुळं, आणि ही दुपारी त्यावर ओली गोणपाटं टाकायची त्यामुळं. नवीन दोन फुटलीत. बोटाच्या नखाएवढी पात.

जात वेगळी आहे, हे आता नक्की झालं. दुसऱ्या देशातल्या जाणकारांनीही कण तपासले. याचा सगळ्यांत जवळचा नातेवाईक कुठल्याशा डोंगरावरच्या बर्फाळ तळ्यात आहे. मधल्या सगळ्या प्रदेशात कुणी नाही. इथून तिथवर कधी एकच वस्ती असेल, मधली माणसं गेली असतील. मी 'माणसं' लिहिलं, बाई ओरडतील.

मग नाव ठेवायची वेळ आली. बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, पद्धत आहे, ज्यानं शोधलं त्याच्या नावावरून देता येतं. मी हो म्हणणारच होतो. ही म्हणाली, "नको."

मी म्हटलं, "अगं, मान असतो तो."

"असेल. पण ते झाड सुकवून, कागदावर चिकटवून, खाली त्याचं नाव लिहिणार ना तुम्ही?"

बाई म्हणाल्या, "हो. मूळ नमुना तसाच जपतात."

"मग नको. त्याचं नाव मी हाक मारायला ठेवलं होतं," ही म्हणाली. "चिठ्ठीवर नको."

बाईंनी वाद घातला नाही. कणांवरच्या नागमोडी नक्षीवरून नाव ठरलं. चित्राखाली बारीक अक्षरांत माझं नाव येईल. शोधणारा म्हणून त्याचं आणि तुझं. ते तिला चालणार आहे, मी विचारून घेतलं.

आता तुझं पत्र. तू दुसरं लग्न करते आहेस आणि ते आम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं तुला वाटलं. परवानगी मागितलेली नाहीस ते चांगलं केलंस, ती द्यायला आम्ही कोण? मी पत्र दोनदा वाचलं आणि हिच्यापुढं ठेवलं. तिनं चष्मा लावून स्वतः वाचलं. मग प्रश्न सुरू झाले.

"काय करतो?"

"लिहिलंय की. शाळेत भूगोल शिकवतो."

"मास्तर! म्हणजे जन्मभर खडूचे कपडे धू म्हणावं." थोड्या वेळानं, "पहिली बायको?"

"वारली. तेही लिहिलंय."

"हं. म्हणजे त्याला ठाऊक असेल."

"काय?"

ती उठली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. मी चहा केला, तिचा झाकून ठेवला. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण चहा गार झाला म्हणून मला बोल लावण्याइतका आवाज होता. "तिला लिही," म्हणाली, "की आम्ही येणार नाही लग्नाला. आम्ही समोर बसलो तर तिला हसता येणार नाही. पण येणार नाही म्हणजे राग आहे असं नव्हे, हे नीट लिही. तुम्ही अर्धवट लिहिता."

नीट लिहिलंय, बघ.

यापुढं तुला सूनबाई कुठल्या हक्कानं म्हणायचं, मला कळत नाही. सवय आहे, सुटेपर्यंत सांभाळून घे. तू लिहायलाच हवंस असं काही नाही. नवं घर, नवी माणसं, तुला सवड होणार नाही आणि होऊही नये.

पण कधी लिहिलंसच, तर एक कर. तुझ्या पाकिटावर आतापर्यंत फक्त माझंच नाव असतं. पोस्टमन आला की पाकीट आधी ही घेते, उभ्या उभ्या नाव वाचते आणि न उघडता माझ्या टेबलावर आणून ठेवते. पुढच्या वेळी दोघांचं घाल.

बाबा